हातांवर बसणाऱ्या आक्का

रविवारी व्हिडिओ कॉलवर रेवाने विचारलं, "आजी, तू हातांवर का बसलीयेस? थंडी वाजते का?" मी उत्तर देणार तेवढ्यात समोर पेरूच्या झाडात काहीतरी फडफडलं, मी ताडकन उठले, फोन आडवा झाला आणि पुढचं सगळं बोलणं तुम्ही दोघांनी व्हरांड्याच्या पंख्याशी केलंत. नंतर ईशानचा मेसेज आला, 'आजी, मघाशी तू ओरडलीस का? की दुसरं कोणी होतं?'

मीच ओरडले. आणि थंडी वाजत नव्हती. यंदा थेरगावात थंडी अशी पडलीच नाही. सकाळी शाल घ्यावी आणि पेपरचं दुसरं पान उलटेपर्यंत काढून ठेवावी, इतपतच. हातांवर बसायची सवय मुळात माझी नाही. ती आक्कांची. तुम्ही आक्कांना पाहिलेलं नाही, म्हणून हे लिहून पाठवते आहे. आई वाचून दाखवेल. तिला सांगा, आक्कांची वाक्यं आक्कांसारखीच वाचायची, सुधारून नाही.

आक्का खुर्चीवर बसायच्या म्हणजे आधी दोन्ही तळहात मांड्यांखाली सारायच्या आणि मग त्यांच्यावर सगळा भार टाकायच्या. गच्च भरलेल्या बॅगेचं झाकण लागावं म्हणून आपण वर बसतो ना, तसं. सत्तरी ओलांडलेली बाई. हिरवं किंवा जांभळं नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि पायात नातवाने आणलेले पांढरेशुभ्र पळायचे बूट. हात असे दाबून ठेवले की त्यांचे पाय सुरू व्हायचे. पाय स्थिर केले की मान. सगळी बाई एकाच वेळी गप्प बसली आहे असं मी त्या दोन वर्षांत पाहिलं नाही.

आमची ओळख भांडणाने झाली. तुमचे आजोबा गेले त्या वर्षी तुमच्या बाबाने तिकडे परत जाताना मागच्या बागेत पेरूच्या फांदीला पक्ष्यांचा फीडर टांगला आणि म्हणाला, "आई, तुला कंपनी होईल." मी तुम्हाला माहीत आहे तशीच आहे. लगेच त्याचं टाइमटेबल केलं. आधी चहा, मग फीडरमध्ये बाजरी आणि राळा, खाली मातीच्या ताटलीत पाणी, मग पेपर. पक्षीही वेळेवर यायला लागले. एका डिसेंबरात अशीच बसले होते, मुनियांचा थवा नुकता उतरला होता, आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडून आवाज आला:

"हाऽऽऽ हुर्र्र्र्र!"

कपातला चहा बशीत आला. मुनिया गेल्या, चिमण्या गेल्या, शेजाऱ्यांच्या गच्चीवरची कबुतरंसुद्धा गेली. मी मागच्या फाटकाशी गेले तर पांढरे बूट घातलेली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून समाधानाने आमच्या रिकाम्या झाडाकडे बघत होती.

"अहो, माझे पक्षी कशाला उडवलेत?"

"तुमचे? तुमी जन्माला घातलेत व्हय?"

"सकाळपासून वाट बघत बसले होते मी त्यांची!"

"अवो बाई, दाणं खात व्हते की त्ये! तुमी तकडं पेपर वाचताय आन् हकडं समदं साफ व्हाय लागलंय. म्हनून हाळी दिली."

"खाण्यासाठीच ठेवलेत ते दाणे."

"कुनी?"

"मी."

"पाखरांनी खावं म्हनून?"

"हो."

त्यांनी फाटकाच्या दांडीवर हात ठेवला आणि आवाज खाली आणून विचारलं, "मुद्दाम?"

"मुद्दाम."

"घरच्यांस्नी ठावं हाय का ह्ये?"

"माझ्या मुलानेच भांडं आणून दिलंय."

"मंग ऱ्हायलं," त्या म्हणाल्या. "शिकल्याली मानसं दिसताय." आणि चालायला लागल्या. वळणावर जाऊन परत एकदा थांबल्या, झाडाकडे पाहिलं, डोकं हलवलं आणि गेल्या.

त्यांचं तरी काय चुकलं होतं? तुम्हाला राखण म्हणजे काय ते माहीत असायचं कारण नाही. आपल्याकडे ज्वारी हिवाळ्यात तयार होते. कणसात दाणा भरला की पाखरांना त्याचा सुगावा लागतो आणि माणसांच्या आधी तीच जेवायला बसतात. म्हणून शेतात चार खांबांवर उंच माळा बांधायचा, त्यावर उभं राहायचं, आणि उजाडल्यापासून मावळेपर्यंत ओरडायचं, टाळ्या पिटायच्या, गोफणीने खडे मारायचे. घरातल्या ज्याचा हात इतर कामाला कमी पडेल त्याला राखणीला धाडत. आक्का चाकणकडच्या एका गावात वाढल्या. कळायला लागल्यापासून लग्नापर्यंत वडिलांच्या माळ्यावर होत्या, लग्नानंतर इथे थेरगावात सासऱ्यांच्या माळ्यावर. ती शेतं गेली. त्यांवर बंगले आले, बंगल्यांशेजारी टॉवर आले, आणि आक्का त्यातल्याच एका टॉवरच्या अकराव्या मजल्यावर मुलाकडे राहायला गेल्या. पण दिवाळी होऊन हवेत जरा कोरडेपणा आला की त्यांचं अंग राखणीला निघायचं. डोक्याला ठाऊक होतं की शेत नाही. हातांना कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या फाटक उघडून आतच आल्या. हातात ज्वारीच्या कणसांची जुडी होती. भावाच्या शेतातून मागवलेली.

"त्या पिलाष्टिकच्या डब्यातनं खान्यात काय राम हाय?" म्हणाल्या आणि पेरूला कणसं बांधायला लागल्या. बांधून झाल्यावर चौफेर नजर टाकली. "तुमचं स्वैपाकघर हाय न्हवं, बरुबर तितंच माजा माळा व्हता."

मला फार बरं वाटलं. आपण नेमके कुठे उभे आहोत ते कळलं की मला बरं वाटतं. पण पुढच्या आठवड्यात माळा पाण्याच्या टाकीखाली होता आणि त्यानंतर शेजाऱ्यांच्या गाडीखाली.

"आक्का, परवा तर स्वयंपाकघरात होता म्हणालात."

"मंग? माळा म्हंजी काय मारुतीचं देऊळ हाय का एका जाग्यावर ऱ्हायाला? दर साली मोडायचा, दर साली बांधायचा. तुमच्या समद्या घरातनं फिरलाय त्यो."

अशा त्या रोज यायला लागल्या. मला बाई म्हणायच्या, कारण सगळं गावठाणच मला बाई म्हणतं. निम्म्या घरांतल्या मुलांना मी इंग्रजी शिकवलं. मी त्यांना पक्ष्यांचं पुस्तक दाखवलं. त्यांनी ते आदराने हातात घेतलं, चित्रं पाहिली आणि परत दिलं. पक्ष्यांची त्यांची विभागणी वेगळीच होती: कोण किती खातं. मुनिया म्हणजे 'पोटाला बेताचं'. चिमणी 'उधळी, खाती चिमूट आन् सांडती पसाभर'. होला 'गरीब तोंडाचा, पन बसला की उटायचं नाव न्हाई, पाव्हन्यावानी'. आणि पोपटाचं नाव काढलं की त्या हातांवरून अर्ध्या उठायच्याच. "त्यो खात न्हाई वो, कापतो! अख्खं कनीस कापून न्हेतो. धा कापील, एक खाईल." मी सांगितलं, पुस्तकात त्याला सुंदर म्हटलंय. "पुस्तकवाल्याचं शेत नसंल," आक्का म्हणाल्या.

हातांवर बसणं सुरू झालं त्याला कारण होतं. एकदा चहा पिताना त्यांनी बशी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "बाई, हसनार न्हाई आसं म्हना, मंग सांगते."

"नाही हसणार."

"येवढं आयुष्य पाखरांमागं ग्येलं. पन पाखराला पोटभर जेवताना म्या कदी बगितलंच न्हाई. चोच घातली की उटव. चोच घातली की उटव. मला तेवडं एकदा बगायचंय. जेवान झाल्यावर त्ये काय करतं? ढेकर देतं का? घटकाभर बसतं का? आपल्या मनानं कसं उटून जातं?"

मी हसले नाही. मलाही ते माहीत नव्हतं, कारण पाखरं जेवत असताना मी पेपर वाचत असे.

"त्यात काय अवघड आहे?" मी म्हटलं. "गप्प बसा आणि बघा."

तेच तर अवघड होतं. पाखरू उतरलं, दोन दाणे खाल्ले, तिसऱ्याला वाकलं की आक्कांच्या पोटातून काहीतरी वर यायला लागायचं. चेहरा लाल व्हायचा, खांदे वर जायचे, आणि "हाऽऽ हुर्र्र!" बाहेर. मग स्वतःच कपाळावर हात मारून घ्यायच्या. "ग्येलं बगा. ऱ्हायलं आसतं तर काय बिगडलं आसतं? मेलं माजं त्वांड!"

आम्ही उपाय केले. टाळी वाजू नये म्हणून त्यांनी हात मांडीखाली घातले. तोंड बंद राहावं म्हणून सुपारी धरली. ओरडताना ती सुपारी निवडुंगाच्या कुंडीपर्यंत गेली. पदराचा बोळा तोंडाशी धरला, तर बोळ्यातून असा विचित्र आवाज निघाला की मांजरही पळालं. मग मी म्हटलं, हात गुंतवू या, आणि मटार सोलायला दिले. निम्मी टोपली छान सोलून झाली. मी मनात म्हणतेय, हेच आधी सुचायला हवं होतं, तेवढ्यात एक पोपट कणसावर उतरला. आक्कांनी मान वर केली नाही. नुसतं मनगट फिरलं. भरलेली शेंग सुंऽ करत गेली आणि पोपटाच्या शेपटीखालची फांदी हलली. तुम्ही तिकडे बेसबॉल का काय बघता, त्यातल्या कोणालाही जमलं नसतं.

"मी न्हाई मारली," आक्का म्हणाल्या. "हाताचं काम हाय त्ये."

घरी त्यांना करमत नसे. मुलाचं, बाळासाहेबांचं, चांगलं चाललं होतं. कंपन्यांना कामगारांच्या बसगाड्या पुरवायचा त्यांचा धंदा. चाकणला तीन शिफ्टला गाड्या. त्यांनी आईसाठी बाल्कनीत पितळी कड्यांचा झोपाळा लावला होता आणि कबुतरं येऊ नयेत म्हणून बाल्कनीला जाळी. आक्का झोपाळ्यावर बसल्या नाहीत. "जाळी आली, माजी नोकरी ग्येली," म्हणायच्या. सकाळी लिफ्टने खाली येऊन वॉचमनला उठवायचं, पार्किंगमध्ये गाड्यांवर झोपलेली मांजरं उठवायची, आमच्याकडे येऊन पाखरं उठवायची, आणि दुपारी परत वर जाऊन झोपलेल्या सुनेला उठवायचं. नातीच्या लग्नात पंगतीऐवजी बुफे होता. तिथेही नवरीची आजी वाढप्याच्या हातातला डाव घेऊन जिलेबीच्या टेबलामागे उभी. मी म्हटलं, "आक्का, बसा की घटकाभर." तर म्हणाल्या, "बसल्यावं जिवाला घोर लागतो, बाई. वाटतं, कुटंतरी कायतरी खाल्लं जातंय आन् मी हितं बसलीया."

ते वाक्य मी विसरले नाही. तुमचे आजोबा गेल्यापासून मलाही तसंच वाटायचं. घर आवरलेलं, डब्यांना चिठ्ठ्या चिकटवलेल्या, औषधं दिवसवार लावलेली, आणि तरीही वाटायचं की कुठेतरी काहीतरी हातातून चाललंय. फक्त मला ओरडता येत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी गणपती नुकते बसले होते. दोन दिवस आक्का आल्या नाहीत. मग बाळासाहेबांचा फोन आला. आईची उजवी बाजू गेली आहे, दवाखान्यात आहे, जिवाला धोका नाही. "पण बाई," ते म्हणाले, "आई बोलतच नाही."

मला ते खरंच वाटेना. भेटायला गेले तर आक्का उशीला टेकून बसल्या होत्या, कुंकू जागेवर, डोळे अगदी जागे. उजवा हात चादरीवर कोणीतरी ठेवून गेल्यासारखा पडला होता. मला पाहून त्यांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. परत उघडलं. मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

घरी आणल्यावर बोलायला शिकवणारी एक मुलगी रोज यायची. गोड मुलगी. तिच्याकडे चित्रांचे पत्ते होते, आंबा, गाय, घर, छत्री. ती विचारायची, "आजी, हे काय?" आक्का डोळे मिटून घ्यायच्या. मी जाऊन माझ्या पद्धती वापरल्या. वर्गात न बोलणारी कितीतरी मुलं मी बोलती केली होती. वाक्य अर्धं सोडायचं, त्यांना पुरं करायला लावायचं. "आक्का, चहात घालतात ती...?" आक्का माझ्याकडे अशा बघायच्या की साखर हा शब्द मलाच लाजिरवाणा वाटायचा. डॉक्टर म्हणाले होते, आवाज शाबूत आहे, शब्दांना वाट सापडत नाही; जितका उशीर तितकं अवघड. दसरा गेला, दिवाळी गेली. अकराव्या मजल्यावर खिडकीशी खुर्ची, जाळीपलीकडे आकाश, आणि खुर्चीच्या पायटेकणीवर त्यांचा डावा पाय सारखा टक टक टक. तेवढा एकच अवयव आधीसारखा होता.

मी घरी परत यायचे आणि मला बसवायचं नाही. फीडर भरायचे, पेपर उघडायचे, मिटायचे. पाखरं येऊन निवांत जेवून जायची. त्यांना उठवायला कोणी नव्हतं. त्या शांततेचा मला इतका राग यायचा की एकदोनदा मी फीडर भरलाच नाही.

संक्रांतीच्या आसपासचा रविवार. बाळासाहेबांचा सकाळीच फोन. "बाई, आज आईला तुमच्याकडं आणू का? वर नुसता पाय आपटत बसती. बघवत न्हाई वो." मी म्हटलं, विचारता काय, आणा. आणि भावाच्या शेतातली कणसं आली असतील तर तीही आणा.

हवा त्या दिवशी यंदासारखीच होती, मऊ. ऊन पाठीवर घेण्याजोगं, वारा जेमतेम. लांबून हायवेचा आवाज. बाळासाहेबांनी आईला चाकांच्या खुर्चीतून मागच्या बागेत आणलं, कणसं पेरूला बांधली आणि फोन वाजला म्हणून फाटकाकडे गेले. कुठल्यातरी शिफ्टची बस बंद पडली होती. "अरं दुसरी गाडी काढ की, मानसं उभी हायती थितं," असं त्यांचं चाललं होतं. मी आक्कांशेजारी माझी खुर्ची ओढली. शाल त्यांच्या गुडघ्यांवर टाकली. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. मांडीखाली घालायची गरज नव्हती.

आधी एक चिमणा आला, गळ्याखाली काळा रुमाल बांधलेला. फीडरच्या काठावर बसला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि खायला लागला. मी श्वास धरला. सवयीने. तो खात राहिला. बाजरी उडवत, टरफलं टाकत, मध्ये थांबून, परत वाकून. कोणी त्याला उठवलं नाही. मग त्याने खाणं थांबवलं. चोच फीडरच्या काठाला एकदा या बाजूने पुसली, एकदा त्या बाजूने, सुरीला धार लावतात तशी. अंगाची सगळी पिसं फुगवून एकदम चेंडूसारखा झाला, आणि तसाच थोडा वेळ उन्हात बसून राहिला. मग शेपटी उचलून खाली शिटला आणि आपल्या मनाने उडून गेला.

आक्कांना सबंध आयुष्यात जे बघायचं होतं ते हेच. मी वळून म्हटलं, "आक्का, पाहिलंत? झालं त्याचं जेवण."

आक्का फीडरकडे बघतच नव्हत्या. त्या पेरूकडे बघत होत्या. तिथे पोपट उतरले होते. एक, मग दुसरा, मग आणखी. एकाने कणीस देठातून कापलं, ते खाली पडलं. त्याने दुसऱ्याला चोच लावली. आक्कांचा डावा पाय पायटेकणीवर दणादण बसत होता. श्वास वर आला होता, खांदे वर गेले होते, चेहरा लाल. तोंड उघडलं. मला वाटलं आलं, आता आलं. काही आलं नाही. तोंड मिटलं, परत उघडलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि झाडावरून तिसरं कणीस पडलं.

मला ते सहन झालं नाही. मी उठले. शाल, पेपर, चष्म्याचं घर, सगळं खाली. मी झाडाकडे दोन्ही हात केले आणि ओरडले, "हुर्र! हुर्र! चला! उठा!"

मुलांनो, मी आयुष्यभर वर्गात आवाज चढवला नाही आणि त्याचा मला अभिमान होता. त्या दिवशी कळलं की चढवायचा कसा हेच मला माहीत नाही. माझं ओरडणं म्हणजे बाकावर उभं राहा असं सांगितल्यासारखं होतं. चिमण्या तेवढ्या उडाल्या. पोपटांनी मान वरसुद्धा केली नाही.

आणि मागून आवाज आला. घोगरा, गंजलेला.

"न्हाई."

मी वळायला घाबरले.

"तसं... न्हाई."

वळले. आक्कांचा चेहरा ओला होता आणि त्या माझ्यावर भयंकर चिडल्या होत्या. डावा हात त्यांनी पोटावर ठेवला होता आणि तिथे थापट्या मारत होत्या.

"प... पोटातनं."

"मग दाखवा ना," मी म्हटलं. "मला नाही येत. दाखवा."

त्यांनी मान मागे टाकली. "हाऽऽऽ..." एवढंच. पुढचं 'हुर्र' आलं नाही, आवाज मध्येच फाटला, ओठांची एक कड वाकडी गेली. पण पोपट उठले. सगळे. पेरूचं झाड एकदम रिकामं झालं आणि पानं हलत राहिली. फाटकाकडून बाळासाहेब धावत आले, फोन हातात तसाच, त्यातून कोणीतरी "सायेब? सायेब?" करत होतं.

"आई! आई, तू वरडलीस?"

आक्कांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्या फीडरकडे बघत होत्या. बराच वेळ ओठ जुळवत राहिल्या. आम्ही दोघं समोर उभे.

"शिटलं," आक्का म्हणाल्या.

बाळासाहेबांना काही कळेना. "काय म्हनती आई? बाई, काय म्हनती?"

"शिटलं... आन् ग्येलं."

चिमणा त्यांनी पाहिला होता. पूर्ण पाहिला होता. मी तिथेच पेरूखाली खाली बसले आणि इतकी हसले की बाळासाहेबांनी घाबरून मलाच पाणी आणून दिलं. नंतर त्यांना सगळं समजावून सांगितलं, तेव्हा ते तोंड फिरवून फोनवर उगीचच मोठ्याने बोलायला लागले. बसचं काय झालं मला माहीत नाही.

सगळे शब्द परत आले नाहीत. मोजके आले, तेही त्यांना हवे तेव्हा. पत्तेवाल्या मुलीला त्या छत्रीच्या चित्रावर "न्हाई" म्हणायच्या आणि गाईच्या चित्रावरही "न्हाई". त्यांना मला 'बाई' म्हणता येईना, त्याऐवजी डाव्या हाताने पोटावर थापटी मारायच्या. ते माझं नाव. फेब्रुवारी संपेपर्यंत बाळासाहेब त्यांना दर रविवारी आणत. दर रविवारी आमचा वर्ग भरे. मी उभी राहून ओरडायची, त्या खुर्चीतून बघायच्या. "वरनं," म्हणायच्या, म्हणजे घशातून येतंय. "न्हाई." परत. "न्हाई." मी इतक्या वर्षांत इतक्या मुलांना इतक्या वेळा 'पुन्हा एकदा' म्हटलं, पण इतकी कडक शिक्षिका मला कोणी मिळाली नव्हती.

पुढच्या हिवाळ्याची ज्वारी त्यांनी पाहिली नाही. पावसाळा सरता सरता, दुपारच्या झोपेतच गेल्या. एका जागी कधी स्वस्थ न बसलेली बाई झोपेत जावी याचं मला अजून नवल वाटतं. दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. घाटावर सगळे "शिवला, शिवला" म्हणत हात जोडत होते. बाळासाहेब माझ्याकडे बघत होते आणि मी बाळासाहेबांकडे. आम्ही दोघंही कावळ्याचं जेवण पुरं होईपर्यंत थांबलो. बाकीचे घाई करत होते, पण आम्ही थांबलो. तो आपल्या मनाने उडाला, मगच निघालो.

आता हिवाळ्यात बाळासाहेब कणसांची जुडी फाटकाला अडकवून जातात, बेल न वाजवता. कुठेतरी बस बंद पडलेली असते. मी बांधते, चहा घेते आणि बसते. पेपर उघडत नाही. चिमण्या, मुनिया, होला यांना मी पोटभर खाऊ देते. चोच पुसेपर्यंत, पिसं फुगवेपर्यंत, आणि त्यानंतरचंही सगळं. पण पोपट उतरले की माझ्या पोटातून काहीतरी वर यायला लागतं. पूर्वी यायचं नाही. म्हणून मी हातांवर बसते, रेवा.

तर ईशान, रविवारी ते ओरडणं माझंच होतं. फोन मी नंतर उचलला, तोपर्यंत तुम्ही कॉल बंद केला होता, त्यामुळे पुढचं तुम्हाला दिसलं नाही. कणसावर एक पोपट होता. मी पोटावर हात ठेवला होता, आक्का सांगायच्या तसा. तो उडाला नाही. पण त्याने खाणं थांबवलं, मान वर केली आणि माझ्याकडे नीट बघितलं.